शेपटीचा पंखा करून नाचणारा पक्षी कोणता?

सिंहगडाच्या पायथ्याशी मामांच्या घरामागे करवंदीची जाळी आहे. तिथे आठ दिवस झाले, चिमणीएवढा, काळपट पक्षी येतोय. गळा आणि भुवई पांढरी. मिनिटभर एका जागी टिकेल तर शपथ! शेपूट पसरतो, गर्रकन वळतो, गोड शीळ घालतो. माझे अकराही फोटो हललेले. बुलबुल नाही, एवढं कळतंय.

— नाचण! छातीवरच्या काळ्या पट्ट्यात पांढरे ठिपके आहेत का बघा.

— आहेत ताई, आज दुर्बिणीतून दिसले. पण हा सारखा नाचतो कशाला?

— पोटासाठी. शेपटी फडकली की पानांतले किडे दचकून उडतात, हा हवेतच टिपतो. आता जाळीत जरा वाकून बघा. फांदीच्या बेचक्यात बाहेरून कोळिष्टकं लिंपलेली इवलीशी वाटी दिसली, तर घरटं. नर-मादी आळीपाळीने उबवतात.

— सापडली! कमरेएवढ्या उंचीवर. मामा उद्या कोयता घेऊन जाळी साफ करणार होते...

— मामांना आवरा आधी. आणि तुम्हीही लांबूनच बघा.