दुर्गंध, दुर्गंधी, दर्प की उपद्रव? तक्रार अर्जात नक्की काय लिहायचं

हडपसरवाली
आमच्या सोसायटीच्या मागे एक खाद्यपदार्थांचं युनिट आहे, नाव घेत नाही, रात्री साडेदहानंतर असा काही वास सुटतो की खिडक्या लावून घ्याव्या लागतात आणि मग आत उकाडा. आता प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि महापालिकेला मराठीत अर्ज द्यायचा ठरलंय आणि कमिटीत भांडण सुरू झालंय ते शब्दावरून. एक काका म्हणतात 'दुर्गंधी' चूक, 'दुर्गंध' लिहा. दुसरे म्हणतात 'उग्र दर्प' लिहा, वजन येतं. चेअरमनच्या मुलाने कुठूनतरी 'गंध उपद्रव' काढून आणलं, ते वाचून तर मला अगरबत्तीची जाहिरात वाटली. जाणकारांनी सांगा प्लीज. न्यूसन्सला खरंच उपद्रव म्हणतात का?

कसबापेठी
काकांना सांगा दोन्ही बरोबर. तो दुर्गंध, ती दुर्गंधी. संस्कृतात दुर्गंधि हे विशेषण, मराठीने त्याचं सरळ नाम करून टाकलं आणि आज बोलण्यात, पेपरात तेच जास्त रुळलेलं आहे. दर्प मात्र जपून वापरा. दर्प म्हणजे तीव्र वास, वाईटच असं नाही, अत्तराचाही येतो, हिंगाचाही येतो. (मूळ अर्थ गर्व, तो वेगळाच दर्प, त्याचा वास सदाशिव पेठेत जास्त.) म्हणून नुसतं 'दर्प येतो' लिहिलंत तर साहेब म्हणेल, बरं मग?

फावलावेळ
मुळात 'वास' एवढा एकच शब्द पुरतो की. भाताला वास आलाय म्हटलं तर चांगला का वाईट असं कोणी विचारतं का? वास येतो, वास सुटतो, वास मारतो. क्रियापदच सगळं सांगतं. सुटतो दोन्हीकडे चालतं, बेसन भाजताना पण सुटतो, पण मारतो म्हटलं की संपलं. अर्जात 'वास मारतो' लिहायची हिंमत करा कोणीतरी.

कसबापेठी
@फावलावेळ बरोबर. आणि 'घाण येते' मध्येही मूळ वासच आहे, घ्राण वरून आलेला शब्द, नंतर कचरा वगैरे अर्थ चिकटले. अजून लोक नाकाला रुमाल लावून 'काय घाण येतेय' म्हणतात तेव्हा जुनाच अर्थ वापरतात.

कोर्टकचेरी
उपद्रव हाच कायद्याच्या मराठीतला शब्द आहे, हसू नका. उंदरांचा उपद्रव, डासांचा उपद्रव आपण म्हणतोच, नागपूर महापालिकेचं तर उपद्रव शोध पथक आहे. राजकारणात 'उपद्रवमूल्य' असतं ते याच घरातलं. फक्त 'गंध उपद्रव' असा जोडून लिहू नका, 'दुर्गंधीचा उपद्रव' लिहा, मराठीत षष्ठी आहे ती वापरायला पैसे पडत नाहीत.

आणि शब्द का महत्त्वाचा ते सांगतो, कारण कुठला शब्द लिहिता त्यावर कुठलं कलम लागतं ते ठरतं. जुन्या दंड संहितेत २७८ होतं, वातावरण आरोग्याला अपायकारक करणं, दंड जास्तीत जास्त ५०० रुपये. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिथे ते २८० झालं आणि दंड १००० रुपये. म्हणजे एका कुटुंबाच्या एका जेवणाच्या बिलात सुटका. पण नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२ बघा, पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं १३३. त्यात कार्यकारी दंडाधिकारी सशर्त आदेश काढून धंदा नियमित करायला किंवा बंद करायला सांगू शकतो, आणि तिथे आरोग्याबरोबर लोकांची शारीरिक सुखसोय हाही मुद्दा आहे. म्हणजे कोणी आजारी पडल्याचं सर्टिफिकेट जोडायलाच पाहिजे असं नाही, झोप होत नाही, जेवण जात नाही, हे पण चालतं. महापालिका अधिनियमातल्या उपद्रवाच्या व्याख्येत तर बघणं, ऐकणं यांच्याबरोबर वास घेण्याच्या इंद्रियाला होणारा त्रास स्पष्टच आहे. म्हणून पालिकेच्या अर्जात उपद्रव शब्द आलाच पाहिजे.

हडपसरवाली
बापरे धन्यवाद. पण मग प्रदूषण मंडळाकडे काय? आम्ही फोन केला तर उत्तर मिळालं की वासाला लिमिट नाही मॅडम.

कोर्टकचेरी
तसं म्हणायला त्यांना जागा आहे. हवा कायदा १९८१ चा, त्यात वायू प्रदूषकाच्या व्याख्येत १९८७ ला आवाज घातला, वासाचं नाव नाही. अपायकारक प्रमाणातला वायू म्हणून ओढूनताणून बसवता येतो. केंद्रीय मंडळाने २००८ ला दुर्गंधी नियंत्रणाची पुस्तिका काढली पण त्या मार्गदर्शक सूचना, मर्यादा नव्हे. मात्र कारखान्याला मंडळाचं संमतीपत्र घ्यावं लागतं, त्यात अटी असतात, स्क्रबर म्हणजे धूर धुणारं यंत्र चालू ठेवा, चिमणी इतकी उंच, ईटीपी म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा नीट चालवा. वासाला लिमिट नसेल पण अट मोडली का हे तपासता येतं. अर्जात तेच मागा. 'संमतीपत्रातील अटींची रात्रीच्या वेळी तपासणी व्हावी.' रात्रीच्या वेळी हे शब्द विसरू नका, नाहीतर माणूस दुपारी बारा वाजता येऊन हुंगून जाईल.

ईटीपीवाली
मी एका प्लँटच्या ईटीपीवर काम केलंय म्हणून लिहिते. अहो ताई, दुर्गंध की दुर्गंधी यात अडकू नका, ते दोन्ही तुमचं मत झालं. वास कसा आहे ते लिहा, कारण आमच्यासारख्या माणसाला त्यावरून कुठल्या युनिटचा कुठला भाग बिघडलाय ते कळतं. करपट असेल तर तळणीचं तेल, एक्झॉस्ट. खवट म्हणजे जुनी चरबी, तेलाचा सापळा, म्हणजे सांडपाण्यातलं तेल अडवणारी टाकी, साफ केलेला नाही. आंबूस असेल तर काहीतरी आंबवतायत किंवा ओला कचरा साठलाय. सडक्या अंड्याचा असेल तर सांडपाण्यात हवा कमी पडतेय, हायड्रोजन सल्फाइड तयार होतोय. नाकाडोळ्यांना झोंबणारा, मुतारीसारखा असेल तर अमोनिया, आणि शेजारी कोल्ड स्टोरेज असेल आणि एकदम भपकारा आला तर अर्ज लिहीत बसू नका, आधी तिथून लांब व्हा आणि १०१ ला फोन करा.

गंमत बघा, हवेच्या राष्ट्रीय मानकात २००९ पासून १२ प्रदूषक आहेत, त्यात अमोनिया आहे, २४ तासांना ४०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, पण हायड्रोजन सल्फाइड नाहीच. तो नाकाला अब्जात काही भाग असला तरी कळतो. आणि प्रमाण खूप वाढलं की उलट नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. त्यामुळे मॅनहोलपाशी 'आता वास गेला' म्हणून उतरणारी माणसं दगावतात.

फावलावेळ
मग वास मोजतात तरी कसा? मशीनने?

ईटीपीवाली
माणसाच्या नाकाने. युरोपात त्याची ठरलेली पद्धत आहे, नमुना पिशवीत भरून आणायचा, शुद्ध हवेत मिसळून पातळ करत जायचा आणि पॅनेलमधल्या निम्म्या लोकांना जेमतेम कळेल तिथे एक एकक धरायचं. किती पट पातळ करावं लागलं तो आकडा. जपानने तर १९७१ लाच वासाचा वेगळा कायदा केला, आता त्यात २२ पदार्थांची यादी आहे. पॅनेलमध्ये फार तिखट नाकाचे आणि फार बोथट नाकाचे दोन्ही बाद करतात.

कसबापेठी
पुण्यात फक्त पहिला प्रकार मिळेल.

मळीवाला_दौंड
शब्दावरून आठवलं म्हणून लिहितो. आमच्याकडे 'मळीचा वास' म्हणलं की सगळ्यांना कळतं पण मळी म्हणजे काय यावर चार माणसं चार सांगतील. साखर कारखान्यात मळी म्हणजे मोलॅसिस, साखर काढल्यावर उरलेला काळा पाक. शेतात 'मळी टाकली' म्हणतात ती प्रेसमड, रस गाळून उरलेला गाळ. आणि नदीत 'मळी सोडली' म्हणून बोंब होते ती बहुतेक वेळा डिस्टिलरीचं सांडपाणी, स्पेंटवॉश, काळंकुट्ट. तिन्हीचा वास वेगळा. एका गावच्या अर्जात 'मळीमुळे दुर्गंधी' एवढंच होतं, पाहणीला आलेल्यांनी मोलॅसिसची टाकी बघितली, ती झाकलेली, पंचनामा झाला आणि गेले. स्पेंटवॉशच्या खड्ड्याकडे कोणी फिरकलंच नाही. आणि कुरकुंभ एमआयडीसीकडचा वास आला तर त्याला आमचे लोक नुसतं 'केमिकल' म्हणतात, 'आज लय केमिकल सुटलंय'. त्यावरून काय कळणार कपाळ.

कोर्टकचेरी
@मळीवाला एकदम मुद्द्याचं. उलट बाजू पण सांगतो, बाणेरच्या सूस रोडचा ओल्या कचऱ्याचा प्रकल्प. रहिवासी एनजीटीत, म्हणजे राष्ट्रीय हरित लवादात गेले, २०२० ला प्रकल्प हलवायचा आदेश मिळवला, आणि २०२४ ला सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला, प्रकल्प चालू राहिला. तेव्हा 'वास येतो, बंद करा' एवढ्यावर विसंबू नका, वास कमी करायला काय करायचं तेही मागा. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी कचरा डेपोविरुद्ध किती वर्षं काढली ते हडपसरवाल्यांना मी काय सांगू.

हडपसरवाली
हो ते माहेरच माझं. बरं, हे बघा मसुदा:

'सदर युनिटमधून रोज रात्री साडेदहा ते एकच्या दरम्यान करपलेल्या तेलाचा व त्यात मिसळलेला खवट वास सुटतो. वारा पडलेला असल्यास सदर वास पहाटेपर्यंत टिकतो, थंडीत जास्त. सदर दुर्गंधीच्या उपद्रवामुळे रहिवाशांची झोप व जेवण यांवर परिणाम होत आहे. तारीखवार नोंदवही सोबत जोडली आहे. एक्झॉस्ट, चिमणी व तेलाचा सापळा यांची तसेच संमतीपत्रातील अटींची रात्रीच्या वेळी तपासणी व्हावी.'

ईटीपीवाली
छान. नोंदवहीत वाऱ्याची दिशा पण घाला, मोबाईलवर दिसते. आणि मालक सुगंधी फवारा मारून 'उपाय केला' म्हणतील, ते मान्य नाही असं आत्ताच लिहून ठेवा. करपट अधिक मोगरा हा तिसराच वास होतो आणि तो पहिल्यापेक्षा वाईट असतो.

कसबापेठी
'सदर' तीनदा आलंय, दोन काढा. 'व त्यात मिसळलेला' पण काढा, 'करपट, खवट वास' बस झालं. विषयाच्या ओळीत मात्र 'दुर्गंधीचा उपद्रव' ठेवा, दुर्गंधी काकांना नसेल पटत तर सही करू नका म्हणावं.