विषय: ३० एप्रिल २०२२ ची संध्याकाळ: साते, शाकाहार आणि परतीची गाडी

प्रेषक: कार्यवाह

नमस्कार मंडळी,

इथे सिंगापुरात २६ एप्रिलपासून कोविडची दहा जणांची मर्यादा उठली आणि टेबलांमधलं मीटरभर अंतरही गेलं. म्हणून येत्या शनिवारी, ३० तारखेला, ‘लाऊ पा सात’ या हॉकर सेंटरला (छपराखालच्या खाण्याच्या स्टॉलांच्या बाजाराला) साते, म्हणजे काडीला लावून निखाऱ्यावर भाजलेलं मांस, असं जेवण आणि ज्यांना हवं त्यांच्यासाठी पुढे नदीकाठच्या बारांची बोट-की, असा बेत आहे. आतापर्यंत अठरा नावं आली आहेत. त्यांत सहा शाकाहारी आहेत आणि चार जण मुलांकडे आलेले ज्येष्ठ आहेत. रविवारी महाराष्ट्र दिन, सोमवारी कामगार दिनाची बदली सुटी, मंगळवारी हरी राया, म्हणजे ईद. त्यामुळे उशीर झाला तरी हरकत नाही. जाणकारांनी वेळा, खाणं आणि सध्याचे नियम नेमके कळवावेत.

प्रेषक: टांपिनीसकर
उत्तर: ३० एप्रिलची संध्याकाळ

नमस्कार,

सगळ्यात आधी वेळेचं बघा, कारण हा रमजानचा शेवटचा शनिवार आहे. इथे उपवास साधारण ७ वाजून १० मिनिटांनी सुटतो. सातेचे बहुतेक विक्रेते मुस्लिम आहेत. साडेसहापासून त्यांच्याकडे इफ्तारची गर्दी असते, आणि दिवसभर निखाऱ्यांसमोर उभ्या राहिलेल्या माणसाला स्वतःलाही दोन घास खायचे असतात. नेमक्या त्याच वेळी अठरा जणांची ऑर्डर घेऊन जाऊ नये. साडेपाचला जमून सहापर्यंत ऑर्डर द्यावी, नाहीतर सरळ पावणेआठला यावं. ज्येष्ठ बरोबर आहेत, तेव्हा साडेपाचच बरं.

शनिवार-रविवारी बून टाट स्ट्रीट दुपारी तीनलाच वाहनांना बंद होतो आणि टेबलं रस्त्यावर मांडली जातात. इतर दिवशी हे संध्याकाळी सातनंतर होतं. सातेच्या दहा काड्यांहून कमी सहसा देत नाहीत. मांसाहारी बारा जणांना माणशी आठ धरल्या तर शंभर काड्या पुरतात. यंदा, २०२२ मध्ये, काडीला ८० सेंटच्या आसपास पडतात, म्हणजे साधारण ८० डॉलर. पण शंभर एकदम मागवू नका. आधी साठ मागवा आणि त्या अर्ध्या संपल्या की चाळीस सांगा. साते गार झाली की चरबी थिजते आणि मांस चिवट लागतं. शिवाय मोठी ऑर्डर घाईत भाजताना काड्या जाळीवर खेटून लावल्या जातात. मग कडा करपतात आणि मधला भाग कच्चा राहतो.

चिकन, मटण आणि बीफ एकाच जाळीवर भाजून एकाच ताटात येतात. बीफ न खाणाऱ्यांनी ऑर्डर देतानाच ‘फक्त चिकन आणि मटण, वेगळं ताट’ असं सांगावं. नंतर ताटात ओळखता येत नाही. केतुपात, म्हणजे पानात दाबून शिजवलेला भात, कांदा आणि काकडी बरोबर असतेच. सॉस शेंगदाण्याचा असतो, तेव्हा कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर आधीच कळवा.

मास्कचं (एप्रिल २०२२ चा नियम) असं आहे: उघड्यावर २९ मार्चपासून ऐच्छिक झाला आहे, पण छप्पर असलेलं हॉकर सेंटर ‘आत’ धरलं जातं. रस्त्यावरच्या टेबलाला नको, मात्र आत ज्यूस आणायला जाताना लावायला हवा.

प्रेषक: बिशानकर
उत्तर: ३० एप्रिलची संध्याकाळ

टांपिनीसकर काकांनी सातेचं छान लिहिलं आहे. मी शाकाहारी सहा जणांबद्दल लिहिते, कारण दरवेळी घोटाळा तिथेच होतो. ताटात मांसाचा तुकडा नाही म्हणजे पदार्थ शाकाहारी, असं इथे धरून चालत नाही.

खरी अडचण बेलाचानची आहे. आंबवलेल्या सुक्या कोळंबीचा हा गोळा सांबालमध्ये, म्हणजे इथल्या मिरचीच्या चटणीत, असतो, आणि सांबाल जवळपास सगळ्यात असतं. कांगकोंगची भाजी दिसायला निव्वळ पालेभाजी, पण ती बेलाचानवर परतलेली असते. चिनी रोजाक या कोशिंबिरीत फळं आणि काकडी असली तरी त्यावरचा काळा सॉस कोळंबीचाच. लाक्सा या नूडल्सच्या रश्श्यात सुकी कोळंबी वाटलेली असते. ‘कॅरट केक’मध्ये गाजर नाही, पांढरा मुळा आणि तांदळाचं पीठ असतं, तो अंड्यात आणि बऱ्याच ठिकाणी डुकराच्या चरबीत परततात. नासी लमाक या नारळी भाताच्या सांबालमध्ये सुके बारीक मासे. सातेच्या शेंगदाणा सॉसमध्येही बेलाचान असू शकतं, म्हणून ‘नुसता सॉस घेते’ हा मार्गही शाकाहारी मंडळींनी सोडून द्यावा.

‘व्हेज’ एवढं सांगून भागत नाही. बऱ्याच विक्रेत्यांना त्याचा अर्थ ‘भाजी घाला’ असाच वाटतो. ‘नो मीट, नो फिश, नो प्रॉन, नो बेलाचान, नो लार्ड, नो एग’ असं एकेक नाव घेऊन सांगा. मलय काकूंना ‘तक माउ बेलाचान’ म्हटलं की लगेच कळतं.

पराठा म्हणून प्राता मागवलात तर बरोबरची आमटी नीट विचारून घ्या. मागितलं नाही तर मासे किंवा मटणाची करी येते. दाल म्हणून जे देतात तो पुष्कळदा दालचा असतो आणि त्यात मटणाची हाडं शिजवलेली असतात. साध्या प्रातेच्या कणकेतही काही ठिकाणी अंडं घालतात.

खात्रीचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे चिनी शाकाहारी स्टॉल. तिथे मांसासारखं दिसणारं सगळं सोयाबीनचं किंवा गव्हाच्या ग्लुटेनचं असतं आणि पुष्कळ ठिकाणी कांदा-लसूणही नसतो. ज्येष्ठांपैकी कुणी कांदा-लसूण खात नसेल तर यापेक्षा सोपी सोय नाही. अंडं मात्र विचारावं. दुसरा मार्ग म्हणजे दक्षिण भारतीय शाकाहारी स्टॉलवरचा थोसाई, म्हणजे आपला डोसा. लिटल इंडियातल्या तेक्का सेंटरला रविवारी सकाळी जाणं जमलं तर ज्येष्ठांना घेऊन जाच, पण संध्याकाळी नको. तिथले बरेच स्टॉल दुपारनंतर आवरतात.

टेबलांबद्दल एक. आतली टेबलं जमिनीला पक्की असतात, जोडता येत नाहीत. आत बसायचं झालं तर चार-पाच जणांचे गट आधीच पाडा आणि प्रत्येक टेबलावर एक ज्येष्ठ बसवून बाकीच्यांनी रांगेत जावं. टिश्यूचं पाकीट ठेवूनही जागा धरतात, पण माणूस बसलेला बरा. जेवण झालं की ताट परत ठेवणं सक्तीचं आहे: आधी लेखी ताकीद, पुढच्या वेळी ३०० डॉलर. हलाल ताटांचं फडताळ वेगळं असतं, त्यात दुसरी ताटं ठेवू नका.

प्रेषक: सेंगकांगकर
उत्तर: ३० एप्रिलची संध्याकाळ

ताईंच्या यादीची छापील प्रत सहाही जणांकडे असावी.

मी जेवणानंतरचं लिहितो. रात्री साडेदहानंतर दारू न देण्याचं कोविडचं बंधन २९ मार्चला उठलं आणि १९ एप्रिलपासून पब, कराओके, नाइटक्लब सगळे उघडले. पण साडेदहाचा एक नियम कोविडच्या आधीपासूनचा आहे, २०१५ च्या कायद्यातला, आणि तो तसाच आहे. रात्री साडेदहा ते सकाळी सात दुकानातून दारू विकत मिळत नाही आणि सार्वजनिक जागी पिता येत नाही. परवाना असलेल्या बारमध्ये बसून चालतं; नदीकाठच्या पायऱ्यांवर कॅन घेऊन बसलात तर १,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. लिटल इंडिया आणि गेलांगमध्ये नियम आणखी कडक आहे. तिथे शनिवार-रविवार, सुटीच्या दिवशी आणि सुटीच्या आदल्या दिवशी दुकानं संध्याकाळी सातलाच विक्री थांबवतात. यंदा सुट्या लागून आल्या आहेत, म्हणजे शनिवार ते मंगळवार चारही दिवस.

लाऊ पा सातहून बोट-की पायी दहा-पंधरा मिनिटं. बिल आधी समजून घ्या. मेन्यूवर किमतीपुढे दोन अधिक चिन्हं असतील तर १० टक्के सेवाशुल्क आणि त्या बेरजेवर ७ टक्के जीएसटी (२०२२ चा दर) लागतो. १८ डॉलरची बिअर २१ डॉलर १९ सेंटला पडते. हॅपी अवर बहुतेक ठिकाणी आठ-नऊपर्यंतच, म्हणून सातेबरोबर पाणी किंवा उसाचा रस घ्या आणि पहिला ग्लास बोट-कीलाच. अजून बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघरात माणसं कमी आहेत आणि शेवटची ऑर्डर लवकर घेतात. दहानंतर खायला मिळेल या भरवशावर राहू नका, पोट सातेवरच भरा.

लशीचं थोडक्यात (एप्रिल २०२२ चे नियम): लस न घेतलेल्यांना बसून खायला अजून परवानगी नाही. दारावर तपासत नाहीत, जबाबदारी आपली. मधूनच तपासणी होऊ शकते. नाचाच्या क्लबमध्ये मात्र ट्रेसटुगेदर हे कोविडच्या संपर्क-शोधाचं ॲप अजून लागतं. पाहुण्यांनी लशीचं प्रमाणपत्र फोनमध्ये उतरवून ठेवावं, नेटवर विसंबू नये.

आता परतीचं, कारण अनेकांच्या अजून लक्षात आलेलं नाही: रात्रीच्या बस एप्रिल २०२० पासून बंद आहेत. शेवटची एमआरटी (मेट्रो) मध्यरात्रीच्या आसपास जाते, आणि मार्ग बदलायचा असेल तर शेवटची गाडी गाठूनही पुढची चुकते. रॅफल्स प्लेस स्टेशनला साडेअकराला आत असावं. पुंगोल, सेंगकांगवाल्यांनी अकरालाच. स्टेशनवरून घराकडची फीडर बसही लक्षात घ्या. बारा वाजले की टॅक्सीच्या मीटरवर ५० टक्के अधिभार सकाळी सहापर्यंत, आणि बार सुटायच्या वेळी ॲपवरचे दर त्याहून चढतात. उशिरा थांबणाऱ्यांनी दिशेप्रमाणे चौघाचौघांचे गट आत्ताच पाडावेत.

प्रेषक: कार्यवाह
उत्तर: ३० एप्रिलची संध्याकाळ

तिघांचेही आभार. ठरलं ते असं: शनिवारी साडेपाच, तेलोक आयर स्टेशनच्या बाहेर. सहाला साठ काड्या, बीफ नाही. शाकाहारी सहा जणांची ऑर्डर बिशानकर ताई देतील. माणशी २० डॉलर रोख आणावेत, शक्यतो सुटे. साडेआठला ज्येष्ठ घरी निघतील, त्यांच्यासोबत जाणाऱ्या दोघांनी नावं कळवावीत. बाकीचे बोट-की. पूर्व, ईशान्य आणि पश्चिम असे टॅक्सीचे तीन गट करतो आहे. कोण कुठल्या गटात, हे शुक्रवार रात्रीपर्यंत याच मेलला उत्तर देऊन सांगा.