शूबर्टने फक्त स्वतःच्या रचनांची मैफल आयुष्यात एकदाच केली, असं का?

खिडकीतली_मैना
मुलगी पियानो शिकतेय, सरांनी यावेळी तिला शूबर्टचा (ऑस्ट्रियन संगीतकार फ्रान्झ शूबर्ट) एक पीस दिलाय, त्या निमित्ताने मी पण घरी त्याची 'अनफिनिश्ड सिम्फनी' (अर्धवट राहिलेली सिम्फनी) लावली आणि त्या दिवशी दोन पोळ्या करपल्या एवढंच सांगते. मग त्याच्याबद्दल वाचायला घेतलं तर डोकंच चक्रावलं. सहाशेच्या वर गाणी, शिवाय सिम्फन्या (मोठ्या वाद्यवृंदासाठीच्या रचना), क्वार्टेट (चार वाद्यांसाठीच्या), आणि माणूस ३१व्या वर्षी गेला. बरं, नुसत्या स्वतःच्या रचनांची जाहीर मैफल केली ती एकच, २६ मार्च १८२८ला, आणि त्याच नोव्हेंबरमध्ये वारला. व्हिएन्नात जन्मून तिथेच राहून असं कसं? लोक विचारत नव्हते की हाच भिडस्त होता? जाणकारांनी समजावून सांगा प्लीज, मला नोटेशनमधलं ओ की ठो कळत नाही हे धरून चाला.

तंबोरा_८२
भिडस्त होताच, पण खरी भानगड धंद्याची आहे. तेव्हा व्हिएन्नात नाव आणि पैसा दोनच गोष्टींत, एक ऑपेरा आणि दुसरं स्टेजवर वाजवून लोकांना तोंडात बोटं घालायला लावणं. हा पियानो बरा वाजवायचा पण ती कसरत त्याच्या पिंडातच नव्हती. ऑपेरे लिहिले, पण गावाला वेड लागलेलं इटालियन ऑपेरावाल्या रोसिनीचं. 'रोझामुंडे' नाटकाला १८२३मध्ये संगीत दिलं, ते नाटक दोन प्रयोगांत आटोपलं. त्याचा खरा प्रांत म्हणजे लीड, कविता घ्यायची, एक गाणारा, एक पियानो, साधारण आपल्या भावगीताच्या जवळचं समजा (भावगीतवाले मारतील मला). ते गायचं कुठे तर मित्रांच्या दिवाणखान्यात. त्या बैठकांना शूबर्टियाड असं नावच पडलं, पण तिकीट कोण लावणार?

आता किस्सा ऐका. जर्मन कवी गटेच्या कवितेवरचं 'एर्लकोनिग' हे गाणं त्याने १८१५मध्ये केलं, वय १८. मित्राने गाण्यांची वही गटेला पाठवली, ती एका शब्दाच्या उत्तराशिवाय परत आली. मग १८१७मध्ये तेच गाणं लाइपझिगच्या प्रकाशकाकडे गेलं, त्यांना नको होतं म्हणून त्यांनी परत पाठवलं, पण कुणाला? ड्रेस्डेनमध्ये फ्रान्झ शूबर्ट नावाचाच दुसरा एक संगीतकार होता, त्याला!! तो भडकला, हे असलं काही मी केलेलं नाही, माझ्या नावावर कोण खपवतंय ते शोधतोच म्हणाला. शेवटी १८२१मध्ये मित्रांनीच पैसे जमवून छापलं तेव्हा ते हातोहात खपलं.

कोकमसरबत
+१, पण 'उपाशी कलावंत' हे जरा वाढवून सांगतात असं माझं मत. प्रकाशक पैसे देत होते, फक्त याने हक्क एकरकमी विकून टाकले आणि हातात आलं की मित्रांबरोबर गुत्त्यात उडवलं. पक्की नोकरी मात्र मिळाली नाही हे खरं. बापाच्या शाळेत मास्तरकी केली, ती नको झालेली. १८१६मध्ये लायबाखला (आताचं ल्युब्लियाना) संगीतशिक्षकाच्या जागेसाठी अर्ज केला, नकार. १८२६मध्ये दरबारात उपसंगीतप्रमुख व्हायला अर्ज, ती जागा दुसऱ्याला. तेरेझे ग्रोब नावाची मुलगी, त्याच्या पहिल्या मासमध्ये (चर्चमधल्या प्रार्थनेचं संगीत) सोप्रानो, म्हणजे बायकांचा सगळ्यात वरचा आवाज, गायलेली, तिच्यावर जीव होता म्हणतात, पण कमाईचा पत्ता नसलेल्याला मुलगी कोण देणार, तिने १८२०मध्ये एका बेकरीवाल्याशी लग्न केलं.

तंबोरा_८२
@कोकमसरबत गुत्त्याचं मान्य, पण हक्क विकले ते उधळेपणाने नाही हो, दाराशी दुसरं गिऱ्हाईकच नव्हतं तर तो भाव काय करणार?

निशाचर_डॉक्टर
आजारपण कुणी काढलंच नाही. १८२२च्या अखेरीस सिफिलिस झाला, तेव्हा त्यावर उपाय म्हणजे पारा, म्हणजे रोगापेक्षा औषध भारी. केस गेले, काही दिवस विग घालायचा. मार्च १८२४मध्ये मित्राला पत्र लिहिलंय त्यात म्हणतो की रोज रात्री झोपताना वाटतं आता पुन्हा जाग येऊ नये. आणि त्याच महिन्यात 'डेथ अँड द मेडन' क्वार्टेटवर काम चालू होतं! मी ते ड्यूटीवरून येताना कारमध्ये लावत नाही, झेपत नाही. मृत्यूची नोंद 'नर्व्हनफीबर' (शब्दशः 'नसांचा ताप') अशी आहे, बहुधा टायफॉइड. भावाच्या नव्या, अजून ओल न गेलेल्या घरात राहत होता, आणि अंथरुणात 'विंटरराइझ' या स्वतःच्या गीतमालेची प्रुफं तपासत होता.

खिडकीतली_मैना
बाप रे, धन्यवाद सगळ्यांना. मग १८२८ची मैफल पडली का?

तंबोरा_८२
नाही ना, तेच तर! हॉल भरला, पैसेही बरे मिळाले. तारीख बघा, बेथोव्हेनला जाऊन बरोब्बर एक वर्ष, त्याच्या अंत्ययात्रेत हा मशाल धरून चालला होता. पण तीनच दिवसांनी इटालियन व्हायोलिनवादक पागानिनीची व्हिएन्नातली पहिली मैफल, पेपरवाले सगळे तिकडे. शूबर्टनेही तिकीट काढून ऐकलं त्याला. मेल्यावर सामानाची यादी झाली त्यात जुन्या संगीताच्या कागदांची किंमत लावली १० गुल्डन (तिथलं तेव्हाचं नाणं).

खिडकीतली_मैना
मुलगी विचारतेय की अनफिनिश्ड त्याने पूर्ण का नाही केली, तो तर नंतर सहा वर्षं होता.

कोकमसरबत
यावर इथे हाणामाऱ्या होतील, तर्क ढीगभर आहेत. कागद ह्युटनब्रेनर नावाच्या मित्राकडे पडून होते, १८६५मध्ये बाहेर आले तेव्हा पहिल्यांदा वाजली. मुलीला सांगा आधी होमवर्क पूर्ण कर.