श्वासाच्या लयीतला योग: तुमचे अनुभव सांगा

चार वर्षं झाली मी विन्यास करतेय, म्हणजे हात वर जाताना श्वास, खाली वाकताना उच्छ्वास, एकही हालचाल श्वासाशिवाय नाही. आपल्या पुण्यात योग म्हटलं की आधी अय्यंगार गुरुजी, १९३७ मध्ये ते इथे आले आणि इथलेच झाले, पट्टे-ठोकळे घेऊन आसनात थांबायचं ही सवय आपल्याला त्यांचीच. पण विन्यास शिकवणारे पट्टाभी जोइससुद्धा अय्यंगार गुरुजींसारखेच म्हैसूरच्या कृष्णमाचार्यांचे शिष्य, त्यामुळे मला हे परकं कधी वाटलंच नाही. कोणकोण करतंय? नुसतं 'छान वाटतं' नको हं, नेमकं काय बदललं ते लिहा.

कर्वेनगरकर
मी हिंजवडीला जातो, रोज दोन-अडीच तास गाडीत. सुरुवातीला सूर्यनमस्कार नुसते उरकायचो, बारा झाले की संपलं. मग मॅडम म्हणाल्या, आकडा सोड, स्वतःचा श्वास ऐकू येतोय का बघ. उज्जायी श्वसनात घशातून बारीक घासल्यासारखा आवाज येतो ना, तो तुटला की थांबायचं. चतुरंगात, म्हणजे दंड काढताना खाली जातो तसं, उच्छ्वास, ऊर्ध्वमुख श्वानासनात श्वास, अधोमुख श्वानासनात पाच श्वास थांबायचं, आणि पहिल्यांदा कळलं की मी चतुरंगात श्वास चक्क कोंडून धरत होतो!! आता वाकड पुलाखाली अडकलो तरी आपोआप लांब उच्छ्वास निघतो. चिडचिड खरंच कमी झालीय, बायकोच म्हणाली.

सई_सहकारनगर
माझा अनुभव वेगळा. एका क्लासमध्ये गाणी लावून इतकं पळवायचे की श्वास मागेच राहायचा, तीन महिन्यांत खांदा धरला. आता घरीच करते, गुडघे टेकवून, हळू. खांदा बरा आहे.

मधुरा
अमावास्या-पौर्णिमेला अष्टांगवाले, म्हणजे पट्टाभी जोइसांच्या पद्धतीने करणारे, सुट्टी घेतात हे ऐकून आमच्या आजीला फार बरं वाटलं 😊

पर्वतीवाल्या काकू
मी एकसष्ट वर्षांची, बीपी आहे, डॉक्टरांनी श्वास रोखून धरू नका म्हणून बजावलंय. त्यामुळे खुर्चीवर बसूनच, हात वर श्वास, खाली उच्छ्वास, दहा मिनिटं. पर्वती चढताना पूर्वी तीनदा बसायचे, आता दोन पायऱ्यांना श्वास, दोन पायऱ्यांना उच्छ्वास असं धरते आणि एकदाच बसते.

कर्वेनगरकर
काकू, उतरताना पण तसंच मोजता का? माझ्या आईला सांगायचंय.