मुलकी म्हणजे भूमिपुत्रच ना?

गोदाकाठ: ‘मुलकी’ म्हणजे निजामी राज्यातला भूमिपुत्र, एवढा साधा अर्थ. आजचं डोमिसाइल, म्हणजे राज्यातल्या रहिवासाचा दाखला, हे त्याचंच नवं नाव. स्थानिकांना नोकऱ्या मागायला तेव्हा कुणी लाजत नव्हतं, मग आताच संकोच का?

दप्तरखाना: साधा अजिबात नाही. अरबीत म-ल-क म्हणजे ताबा, सत्ता. मालक, मलिक, मुलूख सगळे त्याच धातूचे. मुलूख म्हणजे सत्ता चालते ती हद्द. म्हणून आपल्याकडे ‘मुलकी’ म्हणजे महसुली, लष्करी नव्हे तो: मुलकी पाटील, मुलकी खातं. जन्माचा अर्थ हैदराबादेत पक्का झाला, तोही सरकारी नोकरीपुरता. आणि 1919 चे नियम बघा. जन्माने संस्थानची प्रजा असलेला तर मुलकीच. पण 15 वर्षं राहून, मूळ गावी परतण्याचा विचार सोडल्याचं प्रतिज्ञापत्र देणाराही मुलकी. मुलकी पुरुषाची बायकोही मुलकी. यात भूमीचा पुत्र कुठे आला?

गोदाकाठ: धातू घेऊन बसा तुम्ही! 1952 साली हैदराबादेत ‘गैरमुलकी परत जा’ म्हणणाऱ्या पोरांवर गोळीबार झाला. खोटी मुलकी प्रमाणपत्रं काढून बाहेरचे जागा अडवत होते, हा त्यांचा राग होता. त्यांच्यासाठी मुलकी म्हणजे इथला, बस्स.

सेतूची रांग: 15 वर्षांचं निघालंच आहे तर आजच्या डोमिसाइलच्या 15 वर्षांचं बोला. जन्म दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, वीजबिल सगळं जोडूनही अर्ज परत येतो, कारण मधल्या दोन-तीन वर्षांचा पुरावा नसतो. भाड्याने राहणाऱ्याच्या नावावर वीजबिल असणार कुठून?

काळी कसदार: ती वर्षं शाळेच्या बोनाफाईडने भरून काढा, इयत्ता आणि वर्षं स्पष्ट लिहून घ्या. लग्न झालेल्या बाईचा दाखला माहेरच्या नावाचा आणि रेशनकार्ड सासरच्या नावाचं असतं. मध्ये विवाह नोंदणीचा दाखला नसेल तर तिथेच अडतं. नावातली वेलांटी चुकली तरी आधी दुरुस्ती, मगच अर्ज.

सेतूची रांग: म्हणजे जन्म इथला असून कागदावर परकी. संताप येतो.

दप्तरखाना: म्हणूनच म्हणतोय, भूमिपुत्र आणि कागदावरचा रहिवासी एक नाहीत. राज्यघटनेच्या कलम 16 प्रमाणे जन्मस्थान किंवा निवासावरून सरकारी नोकरीत भेद करता येत नाही. निवासाची अट फक्त संसद घालू शकते. हैदराबाद संस्थानातून आंध्र प्रदेशात गेलेल्या तेलंगणासाठी 1957 च्या कायद्यात ती घातली, 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्यातली ती तरतूद रद्द केली. त्याच न्यायालयाने 1972 मध्ये जुने मुलकी नियम वैध ठरवले, त्याविरुद्ध आंध्र पेटला आणि 1973 मध्ये नियमच गेले. 1984 च्या प्रदीप जैन निकालात तर म्हटलंय की अधिवास (डोमिसाइल) एकच, भारताचा. राज्यापुरतं असतं ते वास्तव्य.

गोदाकाठ: बरं, 15 वर्षं राहिलेला परकाही मुलकी होता, एवढं मानतो. पण त्याने परत न जाण्याचं लिहून दिलं होतं. आजच्या अर्जात ती अट आहे का? नाही. माझं भांडण तिथेच आहे.