गाण्यांच्या मधलं: तरुणपणीचा लाइव्ह अल्बम पुन्हा ऐकताना

माझ्याकडचा 'मेड इन जपान' साठ मिनिटांचा होता. डीप पर्पल या रॉक बँडचा खरा अल्बम दोन एलपींचा, म्हणजे दोन मोठ्या तबकड्यांचा, ७६ मिनिटांच्या आसपास. पण कॉलेजात असताना मित्राच्या दादानं तो मला साठच्या कॅसेटवर भरून दिला. जागा पुरेना म्हणून त्यानं 'द म्यूल', म्हणजे तो लांबलचक ड्रम सोलो, सरळ गाळला. बी साइडला 'स्पेस ट्रकिन' निम्म्यावर आलं की टेप संपायची. खट्. बटण वर. त्या गाण्याचा शेवट असाच आहे, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

गेल्या महिन्यात ३० वर्षांनी तो अल्बम दिवा मालवून सलग ऐकला. आधी थोडा हिरमोड झाला. मी मनात एकच संध्याकाळ धरून चाललो होतो. प्रत्यक्षात १९७२ च्या ऑगस्टमधल्या तीन रात्रींतून गाणी वेचलेली आहेत: १५ आणि १६ ला ओसाका, १७ ला टोकियोचं बुडोकान. 'स्मोक ऑन द वॉटर' पहिल्या रात्रीचं, 'लेझी' तिसऱ्या. पण गाण्यांच्या मधल्या जागा मात्र जशाच्या तशा आठवत होत्या. टाळ्या कुठे विरतात, गायक गिलन साउंडवाल्याला 'सगळंच सगळ्यापेक्षा मोठं करा' असं कुठे सांगतो, सगळं. गाण्यांचे शब्द विसरलो होतो, हे नाही.

मग 'स्पेस ट्रकिन' आलं. खट् व्हायच्या जागी ते झालंच नाही. पुढे आणखी दहा मिनिटं ऑर्गन घुमतोय, गिटारिस्ट ब्लॅकमोर आवाजाची कळ फिरवत गिटारीतून सारंगीसारखं काहीतरी काढतोय, आणि मी एखाद्या अनोळखी घरात शिरल्यासारखा अवघडून बसलेलो. दोन-तीनदा ऐकलं. चांगलं आहे, नाही असं नाही. पण हात अजून स्टॉपकडे जातो.

तुमचेही असे अल्बम असतील. 'गाणी काय भारी होती' हे सगळ्यांनाच माहीत आहे. मधलं काय लक्षात राहिलं ते लिहा.

*

खट् वाचून हसलो, कारण माझ्या वाट्याला खरखर आली होती. 'लाइव्ह ॲट लीड्स', द हू नावाच्या बँडचा. वर्गातल्या मित्राकडून कॅसेट आणली आणि त्याच संध्याकाळी जिन्यावरून पाडली. लावून बघतो तर मधूनच चटचट, टकटक. पोटात गोळा आला. त्याला काही न बोलता परत केली, आणि वर्षभर तो कॅसेटचा विषय काढेल म्हणून डबा खायला दुसऱ्या बाकावर बसलो.

पुढे नोकरी लागल्यावर एका ओळखीच्यांकडे मूळ एलपी हातात आली. साधं तपकिरी पाकीट, वर चोरट्या रेकॉर्डीसारखा शिक्का. आत लेबलवर हातानं लिहिलेलं, की खरखर ठीक आहे, दुरुस्त करू नका! १४ फेब्रुवारी १९७० ला लीड्स विद्यापीठाच्या खानावळीत हे रेकॉर्ड झालं, तेव्हाच ते आवाज टेपवर आले होते. कारखान्यातल्या कुणी माल खराब समजून थांबवू नये म्हणून ती सूचना.

मित्राला फोन करून कबुली दिली. तो म्हणाला, "ते आधीपासूनच होतं रे. मला वाटलं, तुला अल्बम आवडला नाही म्हणून तू टाळतोयस."

१९९५ च्या सीडीत सहाच्या जागी चौदा गाणी आहेत आणि चटचट पुसून टाकली आहे. गाण्यांबद्दल आभार. पुसायची गरज नव्हती.

*

आयर्न मेडन, 'लाइव्ह आफ्टर डेथ', १९८५. सुरुवातीला चर्चिलचं भाषण, मग एकदम धडाका. गायक डिकिन्सन दर थोड्या वेळानं "स्क्रीम फॉर मी, लाँग बीच!" ओरडतो. आमच्या खोलीतल्या चौघांचा समज असा, की लांबलचक समुद्रकिनारा आहे, लोक वाळूत उभे आहेत आणि मागे लाटा. प्रेक्षकांच्या गलक्यात मला लाटा ऐकूही यायच्या, शपथेवर सांगतो. लाँग बीच हे गावाचं नाव आहे आणि कार्यक्रम चांगल्या छपराखालच्या अरीनात झाला, हे कळायला दहा वर्षं गेली.

पण खरं भांडण वेगळंच होतं. मी म्हणायचो की 'फँटम ऑफ द ऑपेरा' हे गाणं या अल्बमवर आहे, खोलीतला दुसरा म्हणायचा नाहीच. पैज लागली, अबोला झाला. माझी कॅसेट एलपीवरून भरलेली होती. त्याच्याकडे पहिली सीडी, आणि तीत एलपीची अख्खी चौथी बाजू, म्हणजे लंडनच्या हॅमरस्मिथ ओडिअनमधली पाच गाणी, गाळलेली होती. म्हणजे दोघंही बरोबर. पैजेचं जेवण अजून कुणी दिलेलं नाही.

*

मला ज्या गोष्टीची चिडचिड झाली ती सांगतो. थिन लिझीचा 'लाइव्ह अँड डेंजरस' (१९७८) म्हणजे माझ्यासाठी लाइव्ह या शब्दाचा अर्थ होता. त्यांचा गायक फिल लायनट प्रेक्षकांशी असा बोलतो की आपण पहिल्या रांगेत आहोत. पुढे वाचलं, की निर्माता टोनी व्हिस्कॉन्टीच्या म्हणण्यानुसार यातला ७५ टक्के भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवलेला आहे. बँडवाल्यांना हे अजिबात मान्य नाही, ते म्हणतात किरकोळ दुरुस्त्या होत्या. किस या बँडच्या 'अलाइव्ह!'बद्दलही अशीच कबुली आहे.

दोन दिवस हेडफोन लावून चोर पकडत बसलो. हा कोरस फारच स्वच्छ आहे, इथे गर्दीचा आवाज अचानक बदलला. तिसऱ्या दिवशी 'स्टिल इन लव्ह विथ यू' लागलं आणि पोलिसगिरी सोडून दिली.

*

वरच्यांना: तुम्ही सोडली असेल, मी नाही. लाइव्ह लिहिलंय तर लाइव्ह हवं. चुकलेला सूर ऐकायलाच तर आपण हे अल्बम घेतो.

*

नर्व्हाना, 'अनप्लग्ड इन न्यू यॉर्क'. बसून वाजवलंय म्हणून रॉक नाही असं म्हणणार असाल तर आधीच सांगते, गायक कर्ट कोबेनची ती अकूस्टिक गिटार अँप्लिफायर आणि इफेक्ट पेडलमधून जात होती.

रेकॉर्डिंग नोव्हेंबर १९९३ चं, अल्बम आला नोव्हेंबर १९९४ ला. मधल्या एप्रिलमध्ये तो गेला. त्यामुळे मी सोळाव्या वर्षी हा अल्बम पहिल्यापासूनच दुखवट्यासारखा ऐकला. स्टेजवर लिलीची फुलं आणि काळ्या मेणबत्त्या, त्यानं तर भरच पडली. आम्ही मैत्रिणी गंभीर चेहरे करून ऐकायचो. मध्ये कुणी खाकरलं तरी बाकीच्या वळून बघायच्या.

आता लेकीनं ऐकायला मागितला. एक इअरबड तिच्या कानात, एक माझ्या. 'पेनीरॉयल टी'च्या आधी तो बाकीच्यांना विचारतो की हे मी एकट्यानंच करायचं का, आणि लेक फिसकन हसली. मी बघतच राहिले. हसण्यासारखं आहे ते! घाबरलेला पोरगा शाळेच्या गॅदरिंगला विचारेल तसं विचारतो. मग मीही लक्ष देऊन ऐकलं तर गाण्यांच्या मधे चक्क थट्टामस्करी चालली आहे. शेवटच्या गाण्यात अखेरच्या ओळीआधी तो श्वास घेतो, तिथे मात्र तिनंही मोबाइल खाली ठेवला.

*

पीटर फ्रॅम्पटन. 'फ्रॅम्पटन कम्स अलाइव्ह!', १९७६. तोंडात नळी धरून गिटारीला बोलायला लावतो ते. पंधराव्या वर्षी मला वाटलं की माणसानं याहून मोठं काही केलेलं नाही. परवा लावलं. गिटार बोलली. मी म्हटलं, पुरे झालं गं बाई. चौदा मिनिटांचं गाणं आहे, मी पाचव्या मिनिटाला उठलो.

*

माझा अनुभव कानांचा आहे, थोडा लांबेल.

ऑलमन ब्रदर्सचा 'ॲट फिलमोर ईस्ट', मार्च १९७१. दोन गिटारी, दोन ड्रमर, ऑर्गन. साठी उलटल्यावर नवी, सुधारित आवृत्ती घेतली आणि ऐकून संतापलो. झांजा गायब! दोन दोन ड्रमर असून एकाचीही झांज वाजत नाही. ज्यांनी आवाज 'सुधारला' त्यांना मनोमन बरंच सुनावलं. स्पीकर बदलले, वायरी बदलल्या. शेवटी बायको म्हणाली, "तुम्हाला कुकरची शिट्टीही हल्ली कमी ऐकू येते."

तपासणी केली. आलेख ३००० हर्ट्झपर्यंत ठीकठाक, पुढे कडेलोट. वयाबरोबर वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात, ते मला माहीत होतं. ते माझ्या बाबतीत लागू होईल हे नव्हतं.

श्रवणयंत्र बसवलं आणि पहिल्या दिवशी घरी येऊन तेच लावलं. झांजा परत आल्या, पण ऑर्गनचा लांब सूर थरथरायला लागला, पाण्याखाली वाजवल्यासारखा. पुन्हा गेलो. तिथल्या मुलीनं समजावलं, की ही यंत्रं मुळात बोलणं ऐकायला बनवलेली असतात. यंत्रातूनच कधी शिट्टी निघते, ती दाबायची सोय त्यांत असते, आणि एकसारखा लांब सूर आला की यंत्राला तीच शिट्टी वाटते. तिनं संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम करून दिला. कानामागचं बटण एकदा दाबलं की माणसं, दोनदा दाबलं की ऑलमन ब्रदर्स.

आता 'व्हिपिंग पोस्ट' ऐकतो. २२-२३ मिनिटांचं. मधे एक जागा अशी आहे की सगळे जवळजवळ थांबतात, ड्वेन ऑलमन गिटारीवर एकेक सूर ठेवत जातो आणि गर्दीतल्या एखाद्याचं ओरडणं स्पष्ट ऐकू येतं. विशीत त्या ओरडणाऱ्याचा राग यायचा. आता तो ऐकू आला की यंत्र नीट बसलंय हे कळतं, त्यामुळे मी त्याची वाटच बघतो.

गाणं संपतं तेव्हा टिंपनीचा, म्हणजे मोठ्या नगाऱ्यांचा घुमारा येतो आणि वाजता वाजताच आवाज मंदावत जातो. ते खरं तर संपलेलं नसतंच. त्या रात्री बँड तिथूनच 'माउंटन जॅम'मध्ये शिरला, आणि तो ३३ मिनिटांचा तुकडा १९७२ च्या 'ईट अ पीच'वर आला, एलपीच्या दोन बाजूंवर तोडून. सीडीवर तो सलग आहे. ही सीडी परवाच आणली. रविवारी बायको भावाकडे जाणार आहे, तेव्हा बटण दोनदा दाबून बसणार.