माथेरानची वाहनबंदी: कोणाच्या जिवावर टिकली?

लाल_माती:
माथेरानचा इतिहास सांगताना आपण ठरलेले टप्पे सांगतो. 1850 मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौकहून वर चढला, मग इंग्रजांचे आणि मुंबईच्या शेटजींचे बंगले झाले, शार्लोट तलावातून गावाला पाणी मिळालं, 1907 मध्ये पीरभॉय कुटुंबाच्या पैशातून नेरळची छोटी गाडी आली. यात हातरिक्षा ओढणारे कुठेच नसतात. दस्तुरी नाक्यापुढे मोटार जात नाही याचं आपल्याला केवढं कौतुक! पण तिथून बाजारापर्यंत माणूस माणसाला ओढत होता, अनवाणी नाहीतर फाटक्या चपलेत, पावसातसुद्धा. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करायला सांगितलं. फार उशीर झाला. आता ई-रिक्षा लागतील तितक्या द्याव्यात, आणि ओढणाऱ्यांनाच द्याव्यात.

पायवाट:
हातरिक्षा जायलाच हव्यात. "लागतील तितक्या" याला मात्र माझा कडाडून विरोध आहे. 2003 मध्ये माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर झालं, ते उगाच नाही. रिक्षेला सपाट रस्ता लागतो, म्हणून पेव्हर ब्लॉक आले. न्यायालयानंही ते दस्तुरी ते शिवाजी महाराजांचा पुतळा एवढ्याच रस्त्यावर मान्य केले, आतल्या वाटांवर नाहीत. शार्लोट तलाव पावसावर भरतो. वरची माती झाकत गेलात तर पाणी मुरणार कुठे? आज 20 रिक्षा, उद्या हॉटेलांचे टेम्पो. सुट्टीत लोणावळ्याची काय दशा होते ते सगळ्यांनी पाहिलंय.

नेरळकर:
घोडेवाल्यांचं कोणीच बोलत नाही. ब्लॉकवर घोड्याचा पाय घसरतो. चारा, नाल, औषधपाणी बारा महिने, कमाई मात्र हंगामात. डिसेंबर 2022 मध्ये ई-रिक्षेचा प्रयोग सुरू झाला तेव्हापासून ही धास्ती आहे. एकाचं पोट भरताना दुसऱ्याचं मारू नका.

लाल_माती:
धास्ती खरी आहे, मान्य. पॉइंट दाखवायला घोडाच असावा, नाका ते बाजार ने-आण रिक्षेनं व्हावी. पण माथेरान फक्त पर्यटकांचं नाही हो. तिथे शाळेत जाणारी मुलं आहेत, बाळंतिणी आहेत, गुडघे गेलेली म्हातारी माणसं आहेत. त्यांनी आपल्या शांततेसाठी किती चालायचं?

जुना_वाचक:
इतिहास म्हणता आणि भाई कोतवाल विसरता? जन्म माथेरानचाच, 1912 चा. नाभिकाच्या घरातला मुलगा वकील झाला, नगरपालिकेत गेला, अडलेल्या शेतकऱ्यांसाठी धान्यकोठी काढली आणि 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडावर इंग्रजांच्या गोळीनं गेला. या गावात कष्टकऱ्यांची बाजू घेण्याची परंपरा बंगल्यांइतकीच खरी आहे. माझं मत लाल_मातीला.

पायवाट:
कोतवालांबद्दल आदरच आहे, पण त्यांच्या नावानं रिक्षांची संख्या ठरत नाही. ने-आणीसाठी रूळ आधीच आहेत. 2019 च्या पावसानं उखडलेला मार्ग दुरुस्त होऊन ऑक्टोबर 2022 मध्ये नेरळहून गाडी पुन्हा सुरू झाली. पावसाळ्यात खालचा मार्ग बंद असतो तेव्हाही दस्तुरीजवळच्या अमन लॉजहून माथेरानपर्यंत शटल धावते. तिच्या फेऱ्या वाढवा, गावकऱ्यांना आणि शाळेच्या मुलांना त्यात हक्काची जागा द्या. रिक्षा 20 च राहू द्या, परवाना ओढणाऱ्याच्याच नावावर, आणि तो विकायला बंदी.